रोज एक वेढा

माझ्या डाव्या पायाला, घोट्याच्या चार बोटं वर, एक वण आहे. कातडी ओढून धरल्यासारखी, मधे जरा खड्डा. थंडीत तो खाजतो. परवा शेजारच्या ख्रिस्ती बाईंच्या मुलाचं लग्न होतं म्हणून त्यांच्या देवळात गेलो होतो. पाद्री तरुण होते, बोलले छान. माणसाची विद्या सरते, बोलणं सरतं, प्रीती तेवढी मागे उरते, असं काहीसं त्यांचं म्हणणं. बाकांवरची मंडळी माना डोलावत होती. माझा हात मात्र आपोआप खाली जाऊन तो वण चाचपत होता. उमाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोपराने ढोसलं. मग तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि लग्न संपेपर्यंत सोडला नाही.

हीच गोष्ट मी चाळीस वर्षांपूर्वी पोलादपूरला ऐकली होती आणि ऐकून हसलो होतो. सांगणारे होते दानियल कंपाउंडर.

मी तेव्हा तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. पंचविशीचा, अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचा मला फार गर्व. गावाच्या टोकाला मिशनचा दवाखाना होता. दवाखाना कसला, पत्र्याच्या दोन खोल्या. डॉक्टर म्हणजे एक गोरी मडम, ती महाडहून पंधरा दिवसांनी यायची. बाकीचे दिवस सगळा कारभार दानियलभाऊंचा. बुटका, रुंद माणूस, डोक्यावर केस कमी आणि कानांवर जास्त, अंगाला कायम जखमेवर टाकायच्या पिवळ्या पुडीचा वास. ते रस्त्याने आले की कुत्री आधी ओळखत.

त्यांची एक खोड होती. रोग्याशी न बोलता ते जखमेशी बोलायचे. पट्टी सोडली की वाकून म्हणायचे, "काय रे, आज बरा हायस का? काल लई माजला होतास." पायाचा मालक वर बसून कण्हत असायचा, त्याच्याकडे लक्षच नाही. प्रत्येक औषध देण्याआधी स्वतः जिभेला लावून बघायचे आणि तोंड वाकडं करून पुढे करायचे, "घे, चांगलं हाय." आवाज फाटका, पण सकाळी दवाखाना उघडताना भजन म्हणायचेच, तेही साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. त्या आवाजाबद्दल कोणी काही बोललं तर दोन दिवस फुगून बसत. संतबिंत काही नव्हते. आणि देवाशी बोलताना त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "हे दयाळू पित्या, आम्हांवर कृपादृष्टी असू दे," असं म्हणून डोळे उघडले की लगेच, "ए गो, पोराला धर की नीट!" मी उमाला म्हणायचो, यांचा देव पुण्याचा दिसतो.

औषध वाटण्याआधी ते एक वाक्य सांगत. रोज एकच, आणि बहुतेक वेळा तेच. "सगलं जातं बाबांनो, माया तेवढी रहाते. परभूनं हेच सांगितलंय, बाकी सगलं त्याच्या पोटात आलं." लोक औषधासाठी थांबलेले, ऐकून घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्याने एकाही माणसाने धर्म बदलला नव्हता. मडम त्याबद्दल कुरकुरायची म्हणे. मी मित्रांत त्यांची नक्कल करायचो, वाक्य आणि फाटका आवाज दोन्ही. हमखास हशा व्हायचा.

ते मूळचे तिथलेच. पोलादपूरवरून दोन तासांच्या चढणीवर आंबेकोंड नावाची वाडी आहे, तिथल्या कुळवाड्याच्या घरातले. नाव धोंडू. मुंबईला गिरणीत गेले, प्लेगात सापडले, मिशनच्या लोकांनी वाचवलं, आणि परत आले ते दानियल होऊन. वाडीने त्यांना मेल्यात जमा केलं. भावाने रीतसर मडकं फोडलं, तेरावं घातलं. तेव्हापासून दर पितृपंधरवड्यात त्यांच्या नावाचं पान कौलावर ठेवलं जायचं. हे ते स्वतः रंगवून सांगत. "माझं श्राद्ध दरसाल होतं मास्तर. खीर मातर कावला खातो. एकदा वर जाऊन त्याला सांगावंसं वाटतं, अर्धी तरी ठेव."

आईने ग्रामदेवीसमोर आण घेतली होती की धर्म सोडलेल्या पोराचं तोंड बघणार नाही. अठरा वर्षं तिने ती पाळली. पण दर उन्हाळ्यात, फणस निघाले की, दवाखान्याच्या मागच्या दगडी गडग्यावर एक गाठोडं येऊन पडायचं. निळ्या काठाचं जुन्या लुगड्याचं फडकं, आत भाजलेल्या आठळ्या. ठेवणारी वाडीतली बायजा, आठवड्यातून दोनदा मोळी विकायला खाली यायची. निरोप नाही, नाव नाही. दानियलभाऊ आठळ्या काढून घेत आणि त्याच फडक्यात निलगिरीच्या तेलाची बाटली बांधून गडग्यावर ठेवत, म्हातारीच्या गुडघ्यांसाठी. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, ही आपली रीत त्यांनी धर्मासोबत टाकली नव्हती. मायलेकरांचं अठरा वर्षांचं बोलणं एवढंच.

त्या साली गावातल्या एका तरुणाने महाडला जाऊन बाप्तिस्मा घेतला. खरं तर त्यात दानियलभाऊंचा काही हात नव्हता, पण गाव खवळलं. देवळात सभा भरली. ठराव झाला, दवाखान्याची पायरी कोणी चढायची नाही, चढेल त्याला वाळीत टाकायचं. ठराव लिहायला अक्षर कोणाचं चांगलं? मास्तरांचं. मी बोरू तासून, समास सोडून, झोकदार लिहिला. तो दवाखान्याच्याच भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी रस्त्यात दानियलभाऊ भेटले. मी नजर चुकवत होतो. ते थांबून म्हणाले, "मास्तर, अक्षर मातर झकास हाय तुमचं. 'बहिष्कार'मधला 'ष्क' काय काढलाय!" थट्टा होती की कौतुक, मला आजही ठरवता येत नाही.

आणि मग, पुढल्या चैत्रात, मला नारू झाला.

हल्लीच्या पिढीला नारू माहीत नसेल. हा जंत विहिरीच्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून सुताएवढं पांढरं तोंड बाहेर काढतो. हात-दीड हात लांब. पाणी फडक्याने गाळून प्या म्हणून दानियलभाऊ गावभर ओरडत फिरत, न गाळणाऱ्याला आयमायवरून शिव्या घालत. मीही आरोग्याच्या तासाला तो धडा मुलांना शिकवायचो. घरी मात्र गाळणारा कोण? पाय जळायला लागला, फोड आला, फुटला, आणि आत तो दिसला. दोन दिवस मी शेणाचं पोटीस बांधून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी, गाव झोपलेलं असताना, गुरांच्या वाटेने लंगडत दवाखान्याच्या मागच्या दारी गेलो.

मला वाटलं, ठरावाची आठवण देतील. त्यांनी दार उघडलं, पायाकडे पाहिलं आणि पायालाच म्हणाले, "आलास का? ये."

घमेल्यात पाणी घेऊन पाय बुडवला. नारूचं टोक बाहेर आलं तसं त्यांनी ते काडीला सुताने बांधलं आणि सावकाश एक वेढा दिला. बस्स. काडी पायावरच बांधून टाकली.

"एवढंच?"

"एवढंच. नारूशी घाई करायची नाय, मास्तर. त्याला कलता नये का आपून काढतोय. रोज एक वेढा. ज्यास्ती ओढलात का तुटला, आन आत तुटला का पाय पिकला म्हणून समजा."

दहा दिवस मी रोज दुपारी गेलो. ते माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायचे. मी वरच्या जातीचा, ठराव लिहिणारा, आणि माझी टाच त्यांच्या मांडीवर. मला संकोच वाटायचा, त्यांना नाही. वेढा देताना जीभ दातांत धरत, आणि मधे कोणी हाक मारली तरी हात हलत नसे.

अकराव्या दिवशी, सोमवारी, मधल्या सुट्टीत बायजा शाळेच्या पडवीत आली. मोळी खाली ठेवली, कमरेचं गाठोडं काढून माझ्यापुढे धरलं. निळ्या काठाचं फडकं.

"मास्तर, म्हातारीचा आता भरवसा नाय. दोन दिस निसत्या पाण्यावर हाय. सांगितलान का, धोंडूला म्हणावं येकदा ये. आण सोडली म्हणावं मी."

"मग तू सांग ना जाऊन."

"मला कुठनं जाता येतंय? त्याच्या भावाची माणसं दवाखान्यासमोरच्या हाटेलात बसल्यात, नजर माझ्यावरच. तुमी जाता ना मागल्या दारानं, तवा सांगा."

मी घाबरलो. म्हातारी मरतेय म्हणून नव्हे. बायजाला माझं मागचं दार माहीत होतं म्हणून. बायजाला माहीत म्हणजे बाजाराला माहीत, आणि बाजाराला माहीत म्हणजे पाटलाला. पाटील शाळा कमिटीवर, आणि आठवड्याभरात डिपुटी शाळा तपासायला येणार. मी गाठोडं घेतलं, "सांगतो" म्हणालो, घरी नेऊन माळ्यावर टाकलं, आणि त्या दुपारी गेलोच नाही. मनात म्हटलं, आज नको, उद्या. उद्याही नको, बोभाटा जरा निवू दे. आपला पाय आपण सांभाळू, त्यात काय आहे?

मंगळवारी मी स्वतः वेढा दिला. बुधवारी काडी धोतरात अडकली, मी वैतागून हिसडा दिला, आणि सूत एकदम सैल हातात आलं. तुटला. संध्याकाळपर्यंत पाय खांबासारखा झाला आणि ताप चढला.

गुरुवारी सकाळी उमाने मला विचारलं नाही. डोक्यावर पदर घेऊन भर बाजारातून चालत गेली, दवाखान्याच्या पुढच्या पायऱ्या चढली आणि दानियलभाऊंना घेऊन आली. तेही पुढच्या दाराने, हातात पेटी, काखेत छत्री. पाय बघून त्यांचा चेहरा पडला. जखमेशीसुद्धा बोलले नाहीत. चीर दिली, पू काढला, आणि मग गुरुवार, शुक्रवार ते आमच्या ओसरीवरून हलले नाहीत. गरम पाण्याचा शेक, पट्टी, परत शेक. उमाने त्यांना घरातल्या कपात चहा दिला, जेवायला पानावर बसवलं. त्या घरात जो काही धर्म होता तो त्या दोन दिवसांत तिच्याकडे होता.

आता खरी गोष्ट. आजवर मी लोकांना सांगत आलो की मी तापात बेशुद्ध होतो. अर्धं खोटं आहे ते.

शुक्रवारी दुपारी ताप उतरला. डोकं स्वच्छ होतं. दानियलभाऊ उशाशी बसून सुपाने वारा घालत होते. बाहेर कोणाच्या तरी अंगणात फणस फोडल्याचा वास येत होता. ते सहज म्हणाले, "यंदा फडकं आलं नाय, मास्तर. फणस तर निघाले. म्हातारी इसरली का काय?"

माळा त्यांच्या डोक्यावरच होता. मान वर केली असती तर निळा काठ दिसला असता.

मी बोललो नाही. आणि भीती आता पाटलाची नव्हती, डिपुटीची नव्हती. मला एवढंच दिसत होतं की सांगितलं तर हा माणूस आत्ता उठून चढणीला लागेल, आणि पाय परत पिकला तर मी मरेन. दोन तासांची वाट. संध्याकाळच्या आत पोचले असते. मी डोळे मिटून घेतले आणि कण्हलो, थोडं जास्तच. ते म्हणाले, "पडा, पडा. मी हाय हितंच."

शनिवारी बायजा मला जाब विचारायला घरी आली. ते माझी पट्टी बदलत होते. ती अंगणात उभी राहून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"धोंडूदादा, तू हितं हायस? अरे म्हातारी गेली रे पहाटे. दाराकडं बघून बघून गेली. मास्तरानं सांगितला नाय का तुला निरोप? सोमवारपासनं वाट बघत होती."

उमा चुलीपुढून उठून दारात आली आणि माझ्याकडे पाहू लागली. दानियलभाऊंच्या हातात पट्टीचं टोक होतं. ते थांबले, थोडेसेच. मग उरलेले वेढे पूर्ण केले, गाठ मारली, बोट घालून ती फार आवळली नाही ना ते पाहिलं. उमाला सांगितलं, "बाई, ही पुडी दुपारी, ही सांजेला. शेक चुकवू नका." हात धुतले. छत्री तिथेच राहिली.

वर वाडीत काय झालं ते बायजाने नंतर सांगितलं. ते पोचले तेव्हा तिरडी ओढ्याकाठी आली होती. भावाने त्यांना हाकललं नाही आणि बोलावलंही नाही. ते ओढ्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहिले. चितेचा विस्तव खाली बसेपर्यंत तिथेच होते. मग खाली उतरले.

रविवारी सकाळी ते आमच्या दारात हजर. मी रात्रभर शब्द जुळवले होते. ते आत आले, बसले, म्हणाले, "पाय बघू."

"दानियलभाऊ, मी..."

"हलू नका."

पट्टी सुटली. ते वाकले आणि जखमेला म्हणाले, "काय रे, रातीला तरास दिलास का मास्तरांना?" मला रडू फुटलं. त्यांनी वर पाहिलं नाही. "दुखतंय? झालंच. झालं."

त्यांनी एक शिवी द्यायला हवी होती. पाणी न गाळणाऱ्याला आयमायवरून शिव्या देणारा माणूस! मी वाट पाहत होतो. ते रोज आले, तीन आठवडे, पुढच्या दाराने. ठराव भिंतीवर होताच, पण कोणी त्यांना अडवलं नाही. पुढे कळलं की निम्मं गाव मागच्या दाराने जातच होतं, त्यात पाटलाची बायकोही. मी ज्या बोभाट्याला भ्यालो तो कुणीच करणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी जखम भरली. पेटी आवरताना ते पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"मास्तर, खोटं बोलू नये म्हणून सांगतो. पयले चार दिस मी आलो ना, ते तुमच्यासाठी नाय आलो. देवाच्या धाकानं आलो. तुमचं तोंड बघू नये असं वाटत होतं. वाटेत म्हणायचो, परभू, तू सांगतोस त्यावर माया कर, पन ती आणू कुठनं? आत नायच, तर?"

"मग?"

"मग काय. पट्टी बांधत गेलो. पाचव्या का सहाव्या दिवशी तुमची जखम भरताना दिसली, आन बरं वाटलं. तवा कललं, थोडी आली." ते थोडं हसले. "हात आधी चालवायचा असतो. माया मागनं येते, तिच्या चालीनं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं. माळ्यावरच्या फडक्याचंही मी बोललो नाही. आठळ्यांना बुरशी आली, उमाने त्या टाकल्या, फडकं धुऊन घडी करून माझ्या ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवलं. ट्रंक उघडली की पहिलं तेच दिसे. ती कधी बोलली नाही, पण दुसरीकडे हलवूही दिलं नाही.

पावसाळ्यात हिवतापाची साथ आली, कोयनेलसाठी सगळं गाव पुढच्या दाराशी बसलं, आणि माझा झोकदार ठराव भिंतीवरून भिजून गळून पडला. पुढल्या उन्हाळ्यात माझी पेणला बदली झाली.

जायच्या दिवशी सर्व्हिस मोटार सकाळी दवाखान्यासमोरच थांबायची. उमा सामानापाशी राहिली. मी ट्रंक उघडली, फडकं घेतलं आणि पायऱ्या चढलो. समोरच्या हाटेलात माणसं बसली होती, ती बघत होती. बघू दे म्हटलं. वर्षभर उशिराने बघत होती.

दानियलभाऊंनी फडकं ओळखलं. हातात घेतलं, निळ्या काठावरून अंगठा फिरवला. नाकाशी नेलं, पण धुतलेल्या फडक्याला कसला वास असणार?

"आठळ्या होत्या," मी म्हटलं. "खराब झाल्या. त्याच सोमवारी आलं होतं हे. तुम्ही विचारलंत तेव्हा वर माळ्यावरच होतं. मी जागा होतो, दानियलभाऊ. मला ऐकू आलं होतं."

त्यांची हनुवटी हलत होती. त्या वेळी तरी बोलतील असं वाटलं. मोटारवाल्याने भोंगा वाजवला. ते वळून आत गेले, फळीवर काचेचा आवाज झाला, आणि बाहेर येऊन त्यांनी गाठ मारलेलं फडकं माझ्या हातात दिलं. आत निलगिरीची बाटली होती.

"मी हे कसं घेऊ?"

"रिकामं परत देत नाय आमी," ते म्हणाले. "पाय थंडीत दुखंल. चोळा."

मी मोटारीत बसलो. गाडी सुरू होताना मागे वळून पाहिलं. ते पायरीवर बसले होते, आणि आंबेकोंडचा कोणी म्हातारा कुळवाडी पाय पुढे करून त्यांच्या समोर टेकला होता. पाय दानियलभाऊंच्या मांडीवर, काडी बोटांत, जीभ दातांत. उमाने खिडकीतून हात केला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मान हलवली. हात करता येत नव्हता त्यांना. हातात नारू होता, आणि तो मधेच सोडायचा नसतो.